रंगमंचीय ध्वनिचित्र-फाइली

रंगमंचीय ध्वनिचित्र-फाइली : नाटक, एकांकिका, नृत्य, वाद्यवृंद, स्नेहसंमेलन इ. प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष सादर होणाऱ्या कार्यक्रमांत ठराविक क्षणी वाजविण्यासाठी वा पडद्यावर दाखविण्यासाठी आगाऊ तयार करून संगणकात साठविलेले ध्वनी, संगीत, स्थिरचित्रे व चलच्चित्रे. दारावरची घंटा, पाऊस, रेल्वेगाडीची शिटी, दोन प्रवेशांमधील पार्श्वसंगीत, नृत्याचे मुद्रित गीत आणि अलीकडे नेपथ्याच्या मागील पडद्यावर प्रक्षेपित होणारी दृश्ये यांचा त्यांत समावेश होतो. ज्या संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने ही सामग्री क्रमाक्रमाने सोडली जाते, तिला क्यू-आज्ञावली म्हणता येईल. ‘क्यू’ हा शब्द मराठी रंगभूमीवर पूर्वीपासून रूढ असून नटाने बोलण्याचा, प्रकाश बदलण्याचा किंवा संगीत सुरू करण्याचा संकेत असा त्याचा अर्थ आहे.

क्यू-आज्ञावलीतील यादी आणि प्रत्यक्ष ध्वनी वा चित्र या दोन वेगळ्या वस्तू असतात, हे या विषयाचे मर्म होय. यादीत क्यूचा क्रमांक, त्याची पातळी, तो किती सेकंदांत चढवावा वा उतरवावा, त्यामागून कोणता क्यू आपोआप यावा हे सर्व नोंदलेले असते. परंतु ध्वनी तीत नसतो. ध्वनी असलेली फाइल संगणकात कोठे ठेवलेली आहे, तेवढा पत्ता यादीत असतो. ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तकाचे नाव व कपाटाचा क्रमांक असावा, पुस्तक नसावे, त्याप्रमाणेच हे आहे. कपाट हलविले, तर तालिका जागच्या जागी राहते आणि पुस्तक मात्र सापडत नाही. घरच्या संगणकावर निर्दोष चाललेली यादी नाट्यगृहातील दुसऱ्या संगणकावर उघडली असता सर्व क्यू दिसतात, पण एकही वाजत नाही, हा अनुभव हौशी संस्थांना वारंवार येतो, त्याचे कारण हेच. चित्रपटात चूक झाल्यास पुन्हा चित्रीकरण करता येते. नाटकात तिसरी घंटा झाल्यानंतर अशी सोय नसते. बंदुकीचा आवाज न आल्यास नटाला निःशब्द गोळीने मरावे लागते.

ठाणे व कल्याण–डोंबिवली ही शहरे या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहेत. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी १९७८ मध्ये राम गणेश गडकरी रंगायतन उभे राहिले. पुढे त्याच शहरात डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणमध्ये आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर अशी महानगरपालिकांची नाट्यगृहे झाली. ठाणे व कल्याण या स्थानकांत रेल्वेमार्गाने सु. २० किमी. अंतर आहे. त्यामुळे मुंबईच्या व्यावसायिक संस्थेने आज एका शहरात व उद्या दुसऱ्या शहरात प्रयोग लावणे ही नेहमीची गोष्ट होय. नेपथ्य गाडीतून येते, ध्वनिवर्धक यंत्रणा जागेनुसार बदलते आणि संगीत एखाद्याच्या पाठीवरील पिशवीतून येते. याच रंगमंचांवर शाळांची स्नेहसंमेलने, नृत्यवर्गांचे वार्षिक कार्यक्रम व एकांकिका स्पर्धा होतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘लोकसत्ता लोकांकिका’ या महाविद्यालयीन स्पर्धेचे ठाणे हे एक केंद्र होते. व्यावसायिक नाटकाला एकच यादी शेकडो वेळा चालवावयाची असते. स्पर्धेतील संघाला ती एकदाच, तीही अपरिचित जागी व अपुऱ्या वेळात. तर स्नेहसंमेलनात अनेक वर्गांच्या फाइली एका दिवसापुरत्या एकत्र येतात. या तीन प्रसंगांच्या अडचणी सारख्या नाहीत.

पूर्वेतिहास : संगीत नाटकाच्या काळात ऑर्गन व तबला यांचे वादक रंगमंचापुढेच बसत. मेघगर्जनेसाठी लोखंडी पत्रा हलविणे, घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आपटणे असे उपाय पडद्याआड होत. ध्वनिमुद्रिका व त्यानंतर चुंबकीय फीत आल्यावर संगीताची जागा प्रयोगातून मुद्रणगृहाकडे सरकली. फीत सेकंदास १९ किंवा ९·५ सेंमी. वेगाने फिरे, प्रत्येक क्यूच्या आधी रंगीत वा पांढऱ्या बिनमुद्रित फितीचा तुकडा जोडीत, म्हणजे चालकास पुढील क्यूचा आरंभ डोळ्यांनी दिसे. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने आणलेल्या कॅसेटमुळे यंत्र लहान व स्वस्त झाले. परंतु कॅसेटमधील फीत बंद डबीत असल्याने ही सोय गेली. म्हणून हौशी संस्था एका क्यूला एक कॅसेट असा मार्ग पतकरीत आणि चालकाच्या मांडीवर क्रमांक घातलेल्या कॅसेटींची चळत असे. ती कोसळली, तर यादीच कोसळे. मुद्रित ध्वनीवर संपूर्ण भिस्त ठेवणारे मोठे मराठी उदाहरण म्हणजे बाबासाहेब पुरंदरे यांचे जाणता राजा (१९८५) हे महानाट्य होय. त्यात संवादही पूर्वमुद्रित असून विशाल मंचावरील पात्रे त्याबरहुकूम अभिनय करतात. याउलट घाशीराम कोतवाल (१९७२) या नाटकात भास्कर चंदावरकर यांचे संगीत प्रत्यक्ष गाण्या-वाजविण्यावर उभे होते. ध्वनी मुद्रित असावा की जिवंत, हा निवड करण्याचा प्रश्न आहे; केवळ प्रगतीचा नव्हे.

१९८२ नंतर प्रसृत झालेल्या सीडीमुळे हवा तो क्यू क्रमांक दाबून तत्काळ मिळू लागला. त्यानंतर संगणक आला. २००६ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील फिगर फिफ्टीथ्री या कंपनीने अ‍ॅपलच्या मॅक संगणकासाठी क्यूलॅब ही आज्ञावली तयार केली व ती जगभरच्या रंगभूमीवर रूढ झाली. ती केवळ मॅकवर चालते. विंडोजवर शो क्यू सिस्टिम, मल्टिप्ले आणि लिनक्सवर लिनक्स शो प्लेअर अशा आज्ञावली उपलब्ध आहेत. मात्र साध्या गाणी-वादकावर एकामागून एक फाइली लावूनही पुष्कळ कार्यक्रम पार पडतात आणि बारा-पंधरा क्यूंच्या एकांकिकेला त्याने भागतेही. अडचण उद्भवते ती दोन ध्वनी एकमेकांत मिसळावयाचे असतात तेव्हा, किंवा एक गाणे संपताच वादक आपण होऊन पुढचे सुरू करतो तेव्हा.

पत्ते व त्यांची जुळणी : फाइलीचा पत्ता दोन प्रकारे लिहिता येतो. पूर्ण पत्त्यात साठवण-तबकडीच्या नावापासून प्रत्येक फोल्डर येतो. सापेक्ष पत्त्यात ‘या यादीच्या शेजारच्या फोल्डरमध्ये’ एवढेच सांगितलेले असते. विंडोज संगणकात पेनड्राइव्हला जोडताक्षणी एक अक्षर मिळते. घरी ते ‘ई’ असेल, तर नाट्यगृहात ‘एफ’ असू शकते आणि तेवढ्याने पूर्ण पत्ता खोटा ठरतो. क्यूलॅबमध्ये फाइल न सापडलेल्या क्यूपुढे तांबडी फुली उमटते. कित्येक आज्ञावली मात्र क्यू चालविण्याचा यत्न होईपर्यंत काहीच सांगत नाहीत. यावरील उपाय साधा आहे. नाटकासाठी एकच फोल्डर करावा, यादी व सर्व फाइली त्यातच ठेवाव्यात आणि फाइल आधी त्या फोल्डरमध्ये नेऊन मगच यादीत घ्यावी. उलट क्रमाने, म्हणजे डाउनलोड फोल्डरमधून किंवा पेनड्राइव्हवरून थेट यादीत ओढलेली फाइल पुढे हमखास हरवते. यादीतील सर्व फाइलींच्या प्रती एकत्र गोळा करून नवा फोल्डर बनविण्याची सोय क्यूलॅबमध्ये आहे. प्रयोग दुसऱ्या संगणकावर न्यावयाचा असल्यास तिचाच उपयोग करावा.

अलीकडे एक नवी अडचण उद्भवली आहे. इंटरनेटवरील साठवण-सेवा संगणकातील जागा वाचविण्यासाठी फाइलीचे केवळ नाव येथे ठेवून तिचा आशय दूरच्या संगणकावर नेऊन ठेवतात. नाव दिसते, चिन्ह दिसते, पण ध्वनी मागविल्याशिवाय येत नाही. नाट्यगृहात इंटरनेट मिळेलच असे नसते. म्हणून नाटकाचा फोल्डर अशा सेवेच्या ताब्याबाहेर, संगणकाच्या स्वतःच्या साठ्यात ठेवणे आवश्यक ठरते.

पातळी, कापणी व चढउतार यांची नोंद यादीत होते, मूळ फाइल जशीच्या तशी राहते. हे सोयीचे आहे. तथापि संगीतकाराने त्याच नावाची सुधारित फाइल पाठविली आणि ती जुनीच्या जागी ठेवली, तर जुनी कापणी नव्या संगीताला लागू होते. नव्या फाइलीचा आरंभ दोन सेकंद पुढेमागे असल्यास पहिली मात्राच गळून पडते. नवी फाइल नव्या नावाने घ्यावी आणि तो क्यू आरंभापासून शेवटापर्यंत ऐकावा, याला पर्याय नाही.

फाइलींचे स्वरूप : सीडीच्या दर्जाच्या असंपीडित ध्वनीत प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा व दोन वाहिन्या असतात. अशा वेव्ह फाइलीला मिनिटास सु. १ कोटी ६ लाख बाइट लागतात. १२८ किलोबिट वेगाच्या एमपी-३ फाइलीला सु. ९ लाख ६० हजार बाइट पुरतात. हा अकरापट फरक एके काळी निर्णायक होता. आज दोन तासांच्या नाटकाचे सर्व संगीत असंपीडित ठेवले, तरी लहान पेनड्राइव्हवर मावते. एमपी-३च्या रूपांतरात फाइलीच्या आरंभी सेकंदाच्या काही शतांशाएवढी शांतता मिसळते. गीताच्या बाबतीत ती जाणवत नाही. परंतु पावसाचा किंवा तानपुऱ्याचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवावयाचा असेल, तर प्रत्येक फेरीला लहानसा खड्डा ऐकू येतो. फिरत्या तुकड्यांसाठी तरी वेव्ह फाइलच वापरावी.

चलच्चित्राबरोबरच्या ध्वनीत सेकंदाला ४८,००० नमुने घेण्याची प्रथा आहे. दोन्ही प्रकारच्या फाइली एकाच यादीत आल्या, तरी आज्ञावली त्यांचे रूपांतर सामान्यतः आपोआप करते. ध्वनियंत्रणेच्या चुकीच्या जुळणीमुळे ४४,१०० नमुन्यांची फाइल ४८,००० च्या गतीने वाजली, तर लय सु. ९ टक्क्यांनी वाढते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये मुद्रित केलेला तानपुरा मग पांढरी दोन व काळी दोन यांच्या मधोमध कोठेतरी लागतो. गायिकेला त्याच्याशी जुळवून घेणे अशक्यप्राय असते.

चित्रफितींचा प्रश्न अधिक बिकट आहे. भ्रमणध्वनीवर व इंटरनेटवर रूढ असलेल्या एच-२६४ पद्धतीत मधूनमधून एखादे चित्र पूर्ण साठवून उरलेल्या चित्रांचे केवळ बदल नोंदविले जातात. त्यामुळे फाइल लहान राहते. पण मध्येच कोठे उडी घ्यावयाची असल्यास संगणकाला मागील पूर्ण चित्रापासून हिशेब करीत यावे लागते आणि दृश्य अडखळू शकते. अ‍ॅपलचे प्रोरेस किंवा हॅप या पद्धतींत प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे साठविले जाते. रंगमंचासाठी त्या श्रेयस्कर होत. त्यांची किंमत जागेच्या रूपाने द्यावी लागते. १,९२० × १,०८० बिंदूंचे, सेकंदास २५ चित्रांचे प्रोरेस ४२२ पद्धतीचे दृश्य मिनिटाला सु. ९१ कोटी बाइट घेते. पाच मिनिटांचे दृश्य ४५० कोटी बाइटांच्या पुढे जाते. पुष्कळ पेनड्राइव्ह ज्या फॅट-३२ रचनेने तयार केलेले असतात, तीत एका फाइलीची कमाल मर्यादा सु. ४२९ कोटी बाइट आहे. पेनड्राइव्ह जवळजवळ रिकामा असूनही फाइल त्यावर जात नाही, याचे कोडे अनेकांना उलगडत नाही. एक्सफॅट रचनेत ही मर्यादा बाधत नाही व ती मॅक आणि विंडोज या दोहोंना वाचता-लिहिता येते.

नावे : फाइलीच्या नावाकडे होणारे दुर्लक्ष हे गोंधळाचे सर्वांत सामान्य कारण होय. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवे’, ‘अंतिम-खरे’ अशा नावांच्या तीन फाइली असल्या, तर अंतिम कोणती हे त्या करणाऱ्यालाही सांगता येत नाही. क्यूचा क्रमांक, थोडक्यात आशय व आवृत्ती एवढे नावात असावे. क्रमांक ००५, ०१०, ०१५ असे समान अंकसंख्येचे व मध्ये जागा सोडून घातल्यास तालमीत वाढलेला क्यू मध्ये बसविता येतो आणि अक्षरक्रमाने लावणाऱ्या आज्ञावलीत १० हा अंक २ च्या आधी येत नाही. देवनागरी व रोमन अंकांची सरमिसळ मात्र टाळावी, कारण काही आज्ञावली त्यांचे दोन वेगळे गट मानतात.

देवनागरी नावे वापरण्यास तत्त्वतः हरकत नाही; युनिकोडमुळे ती सर्वत्र वाचता येतात. तथापि एक सूक्ष्म खोच मराठीच्याही वाट्याला आली आहे. ‘वाऱ्याचा आवाज’ या नावातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : एकाच स्वतंत्र संकेतांकाने, किंवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. बाइटांची तुलना करणाऱ्या आज्ञावलीच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावे ठरतात. मॅकची जुनी फाइल-रचना अशी अक्षरे फोडूनच साठवीत असे. तेव्हा अनेक यंत्रांवर फिरणाऱ्या नाटकाच्या फाइलींना साधी रोमन नावे देणे आणि मराठी वर्णन यादीतील टीपेच्या रकान्यात लिहिणे व्यवहारतः सुरक्षित असते. मराठीच्या अभिमानाला यात धक्का लागतो असे मानण्याचे कारण नाही.

स्नेहसंमेलनाच्या वेळी नावांचा प्रश्न कळसास पोहोचतो. प्रत्येक वर्गाचे गाणे कोणा शिक्षिकेच्या किंवा पालकाच्या भ्रमणध्वनीवरून व्हॉट्सअ‍ॅपने येते. त्यावरून पाठविलेल्या ध्वनी व चित्रांना दिनांक व अनुक्रमांक असलेले यांत्रिक नाव मिळते; गीताचे वा वर्गाचे नाव त्यात नसते. चित्रफीत तर वाटेतच दाबली जाऊन तिचा दर्जा उतरतो. तीच फाइल ‘दस्तऐवज’ म्हणून पाठविल्यास मूळ रूपात पोहोचते. एकाच गीताच्या दोन कापण्या, एक तालमीची व एक सुधारलेली, हाती असणे हे त्याहून वाईट. चुकीची कापणी लागली, तर मुले मधल्या कडव्याला थांबतात आणि विंगेतल्या बाईंकडे पाहू लागतात. सामग्री घेण्याची अंतिम तारीख कार्यक्रमाच्या काही दिवस आधीची ठेवणे, प्रत्येक फाइल संबंधित शिक्षिकेसमोर ऐकवून तिची खूण घेणे आणि त्यानंतर नवी फाइल न स्वीकारणे, एवढी शिस्त पाळणारा चालक त्या दिवशी कठोर वाटतो, पण कार्यक्रम त्याच्यामुळेच पार पडतो.

प्रयोगाच्या दिवशी : नाट्यगृहात पोहोचल्यावर सर्वप्रथम यादीतील प्रत्येक क्यू उघडतो की नाही हे पाहावे लागते, केवळ पहिला क्यू वाजवून समाधान मानणे धोक्याचे असते. पेनड्राइव्हवरून थेट प्रयोग चालवू नये, कारण धक्क्याने तो निसटू शकतो व त्याचा वाचनवेग चित्रफितीला अपुरा पडतो. फोल्डर संगणकात उतरवून घ्यावा आणि पेनड्राइव्ह प्रत म्हणून खिशात ठेवावा. संगणकाची झोप, पडदारक्षक, आपोआप होणारी सुधारणा आणि संदेशांच्या सूचना बंद कराव्यात. मृत्यूच्या प्रसंगी ध्वनिवर्धकातून एखाद्या संदेशाची टिचकी ऐकू येणे हे कोणत्याही नाटकाला न पेलणारे आहे. दुसरी प्रत दुसऱ्या व्यक्तीजवळ असावी. दोन्ही प्रती एकाच पिशवीत असल्या, तर त्या एकच प्रत होत. ज्यांना परवडते अशा संस्था दुसरा संगणक समांतर चालू ठेवतात. एकांकिका स्पर्धेत संघाला रंगमंच व यंत्रणा जुळविण्यास थोडाच वेळ मिळतो. तेथे आपला संगणक, तो ध्वनियंत्रणेला जोडणारी तार आणि संहितेच्या समासात लिहिलेले क्यू या तीन गोष्टी स्वतःच्या असणे पुष्कळ वेळा संगीताच्या गुणवत्तेपेक्षाही मोलाचे ठरते. संहितेतील लेखी क्यूचे महत्त्व संगणकाने कमी केलेले नाही. चालक आयत्या वेळी आजारी पडल्यास दुसऱ्याला यादीवरून क्यूचा क्रम कळतो, पण कोणत्या वाक्याला, कोणत्या हालचालीवर बटन दाबावयाचे हे संहितेवरूनच कळते.

हक्क : १९५७ च्या भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क त्याच्या प्रकाशनानंतर पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे राहतात. चित्रपटगीत किंवा प्रकाशित संगीत जाहीर प्रयोगात वापरावयाचे झाल्यास हक्कधारकाची परवानगी लागते. प्रत्येक फाइल कोठून घेतली, याची नोंद यादीबरोबर ठेवण्याची सवय यासाठी उपयुक्त असते.

जतन : मराठी रंगभूमीवर जुनी नाटके नव्या संचात पुन्हा आणण्याची परंपरा आहे. त्या वेळी संहिता मिळते, छायाचित्रे मिळतात. मूळ पार्श्वसंगीत मात्र क्वचितच हाती लागते. फिती एकमेकींना चिकटतात, त्यांवर बुरशी येते, कधी त्यांवर दुसरेच काही मुद्रित केलेले असते. संगणकीय फाइली झिजत नसल्या, तरी त्या वाचणारे यंत्र व आज्ञावली बदलतात. नव्या आवृत्तीत जतन केलेली यादी जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही आणि जुनी यादी वाचणारी आवृत्ती नव्या संगणकावर चालेलच असे नाही. नाटक बंद होताना सर्व फाइली असंपीडित वेव्ह स्वरूपात, क्यूचे क्रमांक, वेळ, पातळी व प्रसंग सांगणाऱ्या साध्या मजकूर-यादीसह आणि क्यू लिहिलेल्या संहितेच्या प्रतीसह दोन ठिकाणी ठेवल्यास मूळ आज्ञावली नसतानाही ते संगीत पुन्हा उभे करता येते. हे काम शेवटच्या प्रयोगानंतरच्या आठवड्यात झाले तर होते. पुढे चालकाचा लॅपटॉप बदलतो, जुना विकला जातो, आणि त्यातील फोल्डर कोणी उघडून पाहिलेला नसतो.